बर्फाचे पांघरूण

बर्फ आणि ऊब हे दोन शब्द एका वाक्यात आले, की मराठीच्या परीक्षकाचा हात तांबड्या पेन्सिलीकडे जातो. वीस वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवल्यामुळे ती सवय माझ्याही हाताला आहे. तरीसुद्धा आज मी असे वाक्य लिहिणार आहे, आणि ते खरे आहे अशी वाचकांची खात्री पटवणार आहे. ते वाक्य असे: तुमच्या-आमच्या स्वयंपाकघरातल्या फ्रीजमध्ये नको तेथे बर्फ साठला, की फ्रीजला ऊब येऊ लागते.

हे चमत्कारिक वाटेल. पण ध्रुवप्रदेशातले लोक हीच गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या जाणत आले आहेत. दाबलेल्या हिमाच्या विटा रचून ते घुमटासारखे घर बांधतात, आणि बाहेर रक्त गोठवणारा वारा वाहत असताना आत एका दिव्याच्या व माणसांच्या ऊबेवर रात्र काढतात. भुसभुशीत हिमात हवा कोंडलेली असते आणि कोंडलेली हवा उष्णतेला सहजासहजी वाट देत नाही. आपल्या घोंगडीचे किंवा कापसाच्या दुलईचे मर्म तरी दुसरे काय आहे? ध्रुवावर जे पांघरूण माणसाला वाचवते, तेच पांघरूण फ्रीजमधल्या थंडगार नळीवर चढले, की थंडी नळीपाशीच राहते आणि दूध बाहेर नासते.

दिवाळीच्या अंकात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर असे, की थंडी निर्माण करणारे एखादे तरी यंत्र आता बहुतेक मध्यमवर्गीय घरांत आहे. त्यात दूध आहे, भाजी आहे, आणि पुष्कळ घरांत औषधही आहे. ते यंत्र बिघडते तेव्हा ते बहुधा ‘मेलेले’ नसते. ते गुदमरलेले असते. हा शब्द माझा नव्हे. तो कोणाचा, ते पुढे येईलच.

नाव नसलेला पाहुणा

प्रथम शब्दाकडे वळते. तेवढा माझ्या पेशाचा हक्क आहे. हवेतली वाफ पाणी न होता थेट गोठून जो पांढरा भुरभुरीत थर बनतो, त्याला मराठीत रोजच्या वापरातले नाव नाही. ‘बर्फ’ हा शब्द फारसीतून आला. ‘हिम’ संस्कृतातून आला आणि पुस्तकात राहिला. ‘गार’ आभाळातून पडते. संस्कृतात ‘तुषार’ म्हणजे याच जातीचे गोठलेले दव; पण मराठीत येता येता त्या शब्दाने गोठणे सोडले आणि तो धबधब्याच्या व कारंज्याच्या शिंतोड्यांना जाऊन चिकटला. नाव नसावे याचे कारणही उघड आहे. सह्याद्रीच्या कुशीत राहणाऱ्या माणसाला हा पाहुणा भेटतोच कितीसा? महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी थंडीत एखाद्या पहाटे दव गोठले, की त्याची छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकतात, ती त्या अपूर्वाईमुळेच. पहाटेच्या दवाला आपल्याकडे ‘दहिवर’ असा एक जुना गोड शब्द आहे. तोच मी या लेखापुरता गोठलेल्या दवासाठी उसना घेते.

जे आपल्या अंगणात क्वचित दिसते ते आपण विजेच्या जोरावर घरात आणले. एके काळी हा बर्फ किती मोलाचा होता! १८३३ साली ‘टस्कनी’ नावाचे जहाज अमेरिकेतल्या बोस्टन बंदरातून कलकत्त्यास निघाले. त्यात सुमारे १८० टन नैसर्गिक बर्फ होता. चार महिन्यांच्या प्रवासात, दोनदा विषुववृत्त ओलांडूनही, त्यातला सुमारे १०० टन बर्फ शाबूत पोहोचला. फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याचा हा उद्योग पुढे मुंबई आणि मद्रास येथेही पसरला. मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावरचे त्याचे ‘आइस हाउस’ आजही उभे आहे. १८९७ मध्ये पाश्चात्त्य देशांतून परतलेले स्वामी विवेकानंद तेथे राहिले होते आणि आता ती वास्तू त्यांच्याच नावाने ओळखली जाते. भुश्यात गुंडाळून सातासमुद्रापलीकडून आणलेला तो बर्फ वितळू नये म्हणून जिवाचे रान करणारी माणसे कोठे, आणि घरच्या फ्रीजमधला बर्फ वितळावा म्हणून दार उघडे टाकून खाली जुने टॉवेल पसरणारे आपण कोठे!

हवेत दडलेले पाणी

हा बर्फ येतो कोठून? फ्रीजमध्ये आपण पाणी ओतलेले नसते. पाणी येते ते हवेतून.

हवा पाण्याची वाफ बाळगू शकते; किती, ते तिच्या तापमानावर अवलंबून असते. ३० अंश तापमानाची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त ३० ग्रॅमच्या आसपास वाफ सांभाळते. शून्य अंशाला तिची ऐपत ५ ग्रॅमवर येते, आणि फ्रीझरमधल्या उणे १८ अंशांना ती जेमतेम १ ग्रॅम उरते. मुंबईतल्या श्रावणातली हवा घ्या. तापमान ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असली, तर त्या घनमीटरभर हवेत सुमारे २४ ग्रॅम पाणी दडलेले असते. ती हवा थंड नळीला टेकली, की श्रीमंती एकदम उतरलेल्या माणसाप्रमाणे तिला आपला बोजा जागच्या जागी टाकावा लागतो. नळी शून्याच्या वर असेल तर पाण्याचे थेंब. शून्याच्या खाली असेल तर दहिवर.

आपला अडीचशे लिटरचा फ्रीज रिकामा आहे आणि दार उघडताच त्यातली सगळी हवा बदलली असे धरा. तेवढ्याने चमचाभर पाणी आत शिरते. एक चमचा म्हणजे काही फार नव्हे. पण दार दिवसातून किती वेळा उघडते, हे शाळकरी मुले असलेल्या घराला सांगायला नको. शिवाय उघडी ठेवलेली आमटी, ओली कोथिंबीर आणि धुतलेली भाजी यांचे पाणीही शेवटी त्याच नळीकडे जाते.

आणि हा बर्फ फुकट पडत नाही. नळाच्या एक ग्रॅम पाण्याचा बर्फ करायला जेवढी उष्णता काढून घ्यावी लागते, तिच्या सुमारे सहापट उष्णता हवेतल्या एक ग्रॅम वाफेचा बर्फ करताना काढावी लागते. कारण वाफेचा थेट बर्फ झाला तरी वाफेचे पाणी होण्याची उष्णताही त्यात काढावीच लागते आणि खरा खर्च तेथेच आहे. म्हणजे ट्रेमधले बर्फाचे खडे स्वस्त, आणि भिंतीवर आगंतुकपणे धरलेला बर्फ सहापट महाग!

थंड नळीच्या या पाणी ओढण्याच्या गुणाचा एकाने मोठा सदुपयोग केला. १९०२ साली न्यू यॉर्कच्या ब्रुकलिन भागात एका छापखान्याला दमट हवेने सतावले होते. कागद ओलावा पिऊन फुगे, पुन्हा आक्रसे, आणि एकावर एक छापायचे रंग आपली जागा सोडत. रंगीत मुखपृष्ठांचे दिवाळी अंक काढणाऱ्या संपादकांना हे दुःख वेगळे सांगायला नको. विलिस कॅरिअर नावाच्या तरुण अभियंत्याने थंड नळ्यांवरून हवा नेऊन तिच्यातले पाणी काढून घेण्याची योजना आखली. आजच्या एअर कंडिशनरचे कूळ तेथून सांगतात. म्हणजे आपण ज्याला गारव्याचे यंत्र म्हणतो, ते जन्माला आले ते कागद कोरडा ठेवण्यासाठी.

दुष्टचक्र

आता गुदमरण्याची गोष्ट. आमच्या घरचा फ्रीज दोन वर्षांपूर्वी ऐन भाद्रपदात रुसला. वरच्या कप्प्यात आइस्क्रीम दगडासारखे, आणि खालच्या कप्प्यात दूध सकाळी लावले की संध्याकाळी फाटलेले. दुधाचे एक वेळ चालते. पण खालच्याच कप्प्यात माझ्या वडिलांच्या इन्शुलिनच्या कुप्या होत्या. ज्या दुकानातून फ्रीज घेतला तेथून सांगण्यात आले, “गॅस संपला असेल, नाहीतर कॉम्प्रेसर गेला. दहा वर्षे झाली ना? नवीनच घ्या.”

नवीन घेण्याआधी आम्ही कोपऱ्यावरच्या एका वयस्क मेकॅनिकला बोलावले. त्यांनी फ्रीझरमधले सामान बाहेर काढले, मागची प्लॅस्टिकची पाटी उघडली आणि मला हाक मारली. “ताई, इकडे या. हे बघा.” पाटीमागे नळ्या असायला हव्या होत्या, तेथे पांढरी शुभ्र, एकसंध वीट उभी होती. “मशीन मेलेलं नाही हो, गुदमरलंय. त्याला श्वास घ्यायला जागाच नाही राहिली.”

चहा घेता घेता त्यांनी मला जे समजावले, ते एखाद्या व्याख्यात्यालाही साधणार नाही. त्यांचेच म्हणणे माझ्या भाषेत मांडते.

‘फ्रॉस्ट-फ्री’ म्हणतात त्या फ्रीजमध्ये थंड नळ्यांचा एकच जुडगा असतो. त्यावर ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या ओवलेल्या असतात. एक लहानसा पंखा घरातली, म्हणजे फ्रीजच्या घरातली, हवा या पट्ट्यांच्या फटींतून ओढतो आणि बहुतेक थंड हवा वर, थोडी खाली पाठवतो. खालच्या कप्प्याची स्वतःची थंडी नसते; तो वरच्या वाटणीवर जगतो. फटींत दहिवर धरू लागले, की दोन गोष्टी एकदम होतात. ॲल्युमिनियम बर्फाच्या सुमारे शंभरपट चांगली उष्णता वाहून नेते, आणि भुसभुशीत दहिवर तर बर्फाहूनही मंद. त्यामुळे पट्टीची थंडी हवेला मिळेनाशी होते. दुसरे असे, की फट अरुंद झाल्याने हवाच कमी येते. हवा कमी आली, की नळीला उष्णता कमी मिळते आणि ती अधिकच थंड होते. अधिक थंड नळीवर अधिक दहिवर. अधिक दहिवर, आणखी कमी हवा. सावकाराच्या व्याजासारखे हे चक्र एकदा सुरू झाले, की आपोआप थांबत नाही. शेवटी वीट तयार होते. वरचा कप्पा विटेच्या शेजारी असल्याने गारच राहतो. खालच्याची वाटणी मात्र बंद होते.

यावर यंत्रातच तोड योजलेली असते. कॉम्प्रेसर काही तास चालला, की तो थांबवून नळ्यांखालची विजेची लहानशी शेगडी पेटते. दहिवर वितळते, पाणी पन्हळीतून व एका बारीक नळीतून मागच्या बाजूला कॉम्प्रेसरवरच्या ताटलीत उतरते आणि त्याच्या ऊबेने वाळून जाते. नळ्या पुरेशा तापल्या, की एक चिमुकला स्विच शेगडी बंद करतो. आमच्याकडे ती शेगडीच जळली होती. सारा रोग एवढ्याशा वस्तूत होता. ती बदलली आणि त्याच फ्रीजमधून परवा मी कोथिंबीर काढली.

जाताना त्यांनी इन्शुलिनची पेटी उचलून मधल्या फळीवर, मागच्या भिंतीपासून दूर ठेवली. “मागे चिकटवून ठेवू नका. थंड वारा तिथूनच सुटतो, औषध गोठेल. आणि दारातही नको, तिथे सारखं गरम-थंड होतं.” डॉक्टरांनी तेच सांगितले. न उघडलेले इन्शुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे. आणि एकदा गोठले, तर पुन्हा वितळून ते स्वच्छ दिसले तरी टाकून द्यायचे. काही लसींचेही असेच आहे. उष्णतेने औषध बिघडते हे सर्वांना ठाऊक असते; थंडीनेही बिघडते, हे ध्यानात राहत नाही. थंडी किती आहे याइतकेच ती सगळीकडे सारखी पोहोचते का, याला महत्त्व आहे.

सुरीचा मोह

साध्या, एका दाराच्या फ्रीजमध्ये पंखा नसतो. बर्फ तेथे डोळ्यांसमोर वाढतो आणि तो खरवडण्याचा मोह आवरत नाही. शेजारच्या वहिनींनी एकदा पेचकस घेतला. ‘फुस्स’ असा आवाज झाला आणि फ्रीझरची पत्र्याची पेटी कायमची निकामी झाली. त्या पत्र्याच्या पोटातच गॅसच्या वाटा असतात. आजच्या बऱ्याच फ्रीजमध्ये आयसोब्युटेन नावाचा वायू असतो; तो ओझोनच्या थराला अपाय करीत नाही, पण पेट घेतो. तेव्हा सुरी नको, पेचकस नको. थर अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास गेला, की फ्रीज बंद करून दार उघडे ठेवावे, आत कोमट पाण्याचे पातेले ठेवावे आणि धीर धरावा.

एअर कंडिशनरची कथाही याच घराण्यातली. त्याची आतली नळी एरवी शून्याच्या वरच असते, म्हणून तिच्यावर पाणी धरते, बर्फ नव्हे. पण जाळीत धूळ साचून हवा रोखली गेली किंवा गॅस कमी झाला, की नळी शून्याखाली उतरते आणि मे महिन्यात, बाहेर चाळीस अंश असताना, यंत्रावर बर्फ दिसू लागतो. घरातले कोणीतरी म्हणते, “बघा, किती गार करतोय!” खरे तर तो गार करण्याचे थांबलेला असतो. अशा वेळी थंडीचे बटण बंद करून नुसता पंखा चालू ठेवावा; बर्फ उतरला की जाळी धुवावी. तरी पुन्हा बर्फ धरला, तर मात्र जाणकाराला बोलवावे.

निफाडचे द्राक्ष

इथवरचा मामला दूध-भाजीचा आणि विजेच्या बिलाचा झाला. पण या दहिवरावर काही घरांचे वर्षाचे पोट अवलंबून असते, हे मला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने दाखवले. निफाड तालुक्यात त्याची द्राक्षबाग आहे आणि गावातल्या चौघांबरोबर त्याने एक लहानसे शीतगृह उभारले आहे.

निफाड हे थंडीसाठी प्रसिद्ध. पारा फार उतरला, की द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात, कारण गारठ्याने मण्यांची वाढ खुंटते आणि मणी तडकतात. “मॅडम,” तो म्हणाला, “जानेवारीत आम्ही बागेतलं दव गोठू नये म्हणून जागतो आणि मार्चमध्ये मशीनमधलं गोठू नये म्हणून. वैरी तोच.”

मार्चमध्ये घड तोडला जातो तेव्हा त्याच्या अंगात दुपारचे ऊन मुरलेले असते. तोडला तरी घड श्वास घेतच असतो. जितका उष्ण, तितका लवकर दमतो. म्हणून काही तासांच्या आत त्याचा ताप उतरवावा लागतो. याला ‘प्रीकूलिंग’ म्हणतात. भोके असलेल्या खोक्यांच्या दोन रांगा लावतात, मधल्या बोळावर ताडपत्री ओढतात आणि पंखा लावून बोळातली हवा खेचतात. बाहेरची थंड हवा मग खोक्यांच्या भोकांतून, घडाघडांमधून आत यायला लागते. त्यानंतर माल शून्य ते एक अंशाच्या आसपास, नव्वद टक्क्यांहून अधिक आर्द्रतेत ठेवायचा. आर्द्रता एवढी का? हवा कोरडी असली, तर मणी चांगला राहतो पण देठ सुकून तपकिरी होतो. आणि परदेशातला गिऱ्हाईक प्रथम देठ पाहतो. स्थळ पाहताना आधी घराणे विचारावे, तसे.

येथे पेच असा, की फळाला दमट हवा हवी आणि दमट हवाच नळ्यांवर बर्फ धरते. त्याच्या शीतगृहात पहिल्याच वर्षी एका बाजूची खोकी वेळेत गार झाली आणि दुसऱ्या बाजूची तासन्‌तास कोमट राहिली. यंत्र बसवणाऱ्याने सांगितले, मोठे यंत्र घ्या. कर्जाचे हप्ते आधीच डोक्यावर. त्यात आणखी एक यंत्र! चौघांपैकी दोघे बाहेर पडायला निघाले होते.

माझा विद्यार्थी मात्र एक रात्र थर्मामीटर आणि उदबत्ती घेऊन आत उभा राहिला. उदबत्तीचा धूर जिकडे जाई तिकडे हवा जात होती. ती खोक्यांतून जातच नव्हती! ताडपत्रीच्या एका सैल कडेखालून, आणि जेथे दोन थरांची भोके एकमेकांसमोर आली नव्हती त्याच्या बाजूच्या फटींतून, ती सरळ पंख्याकडे पळत होती. “कालव्याचं पाणी आहे मॅडम. वरच्यानं पाट फोडला, की शेपटाकडच्याला थेंब मिळत नाही. हवा कमी नव्हती. वाटणी चुकली होती.” ही उपमा मी वर्गात वापरायला घेतली आहे.

त्यांनी ताडपत्री आवळली, फटींत फोम ठोकला, खोकी अशी रचली की भोकासमोर भोक येईल. कोमट बाजू गार होऊ लागली. उरला नळ्यांवरचा बर्फ. हवा आत येते त्या पहिल्या रांगेवर तो सर्वांत जाड धरे, कारण ओलसर हवेची पहिली गाठ तिच्याशीच पडते. जाणते कारागीर म्हणूनच अशा ठिकाणी पुढच्या रांगेच्या पट्ट्या विरळ ठेवतात आणि मागच्या दाट. घरच्या एअर कंडिशनरच्या पट्ट्यांत दीड-दोन मिलिमीटरची फट असते. फ्रीझर-खोलीच्या नळ्यांवर ती सहा मिलिमीटर किंवा त्याहूनही अधिक असते. बर्फ धरणारच, तर त्याला धरायला जागा ठेवा आणि हवेचीही वाट मोकळी राहू द्या, असा हा समजूतदार तोडगा. दुसरा तोडगा नळ्यांचा पसारा मोठा ठेवण्याचा. थोड्या नळ्यांना फार थंड करण्यापेक्षा पुष्कळ नळ्यांना थोडे थंड केले, की गारवा तेवढाच मिळतो, पण हवेतले पाणी कमी ओढले जाते. बर्फही कमी आणि देठही हिरवे. तिसरा, सर्वांत स्वस्त तोडगा म्हणजे दाराला प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा पडदा. मार्चमधली बाहेरची हवा जितकी कमी शिरेल, तितके बरे. आणि बर्फ उतरवायचा तो घड्याळ पाहून नव्हे, थर पाहून. नाहीतर नको तेव्हा उष्णता आत जाते आणि हवी तेव्हा जात नाही.

पुढच्या वर्षी चौघेही एकत्रच होते. मोठे यंत्र घ्यावे लागले नाही.

तेथून निघालेला माल न्हावा-शेवा बंदरातून शीतपेटीत बसून युरोपला जातो. त्या पेटीची तळजमीन इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराच्या पट्ट्यांची असते. थंड हवा त्या पट्ट्यांमधून खालून जाते, खोक्यांतून वर चढते आणि छताखालून परतते. आत एक तांबडी रेघ असते. तिच्यावर माल रचायचा नाही, नाहीतर हवेचा परतीचा रस्ता बुजतो. तळजमिनीचा तुकडा मोकळा राहिला, तर हवा तेथूनच वर निसटते. २०२३ च्या अखेरीपासून लाल समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागल्यावर अनेक जहाजे आफ्रिकेला वळसा घालून गेली आणि प्रवासाचे दिवस वाढले. समुद्रावर पेटी उघडून रचना सुधारता येत नाही. निफाडला जी वाटणी केली, तिच्यावरच घड युरोपच्या किनाऱ्याला लागतो.

चार मिलिमीटर

हीच गोष्ट माणसांच्या जिवावर बेतू शकते, याचे एक उदाहरण सांगते. १७ जानेवारी २००८ रोजी बीजिंगहून निघालेले ब्रिटिश एअरवेजचे बोइंग ७७७ जातीचे विमान लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरत होते. आत १५२ माणसे होती. धावपट्टी समोर दिसत असताना दोन्ही इंजिनांचा जोर एकामागून एक घटला. विमान धावपट्टीच्या सुमारे ३३० मीटर अलीकडे गवतावर आदळले. विमान मोडले, पण प्राणहानी झाली नाही.

कारण शोधायला चौकशी मंडळाला दोन वर्षे लागली. लांबच्या थंड प्रवासात टाकीतले इंधन उणे ३४ अंशांपर्यंत गेले होते. विमानाच्या इंधनात नेहमीच पाण्याचा किंचित अंश असतो. त्याचे बर्फकण इंधनाच्या नळीला आतून हळूहळू चिकटत गेले. उतरताना इंजिनाने एकदम अधिक इंधन मागितले, तेव्हा ते सारे सुटून एकदम पुढे आले. पुढे होते ते उष्णता-विनिमयाचे यंत्र: इंजिनाचे तापलेले तेल आणि गार इंधन यांची भेट घडवणारे, हजाराच्या वर बारीक नळ्यांचे. त्या नळ्यांची तोंडे बैठकीच्या पत्र्यापासून जेमतेम चार मिलिमीटर बाहेर आलेली होती. तेवढ्या कडेत बर्फ अडकला, त्याचा लगदा झाला आणि इंधनाची वाट कोंडली. नंतर ती तोंडे पत्र्याशी सपाट केली, म्हणजे आलेला बर्फ गरम पत्र्याला टेकून वितळावा. एवढाच काय तो फरक. पण तो शोधण्यासाठी प्रयोगशाळेत बर्फ, इंधन आणि नळ्या यांच्याशी महिनोन्‌महिने झगडावे लागले.

घरच्या घरी

आता दिवाळी आली आहे. चकली-चिवड्याला फ्रीज लागत नाही. पण बासुंदीची पातेली, श्रीखंडाचे डबे आणि पाहुण्यांनी आणलेले मिठाईचे पुडे यांनी तो दाटून भरतो. अशा वेळी चार गोष्टी पाहाव्यात. पंख्याच्या झरोक्यासमोर डबा टेकवू नये. तो झरोका म्हणजे खालच्या कप्प्याचा पाट. फळ्यांवर वर्तमानपत्रे किंवा प्लॅस्टिक अंथरू नये; हवेला खाली उतरता आले पाहिजे. गरम पातेले निवल्यावर, झाकण घालून ठेवावे. आणि दाराच्या रबराची परीक्षा घ्यावी: दारात एक नोट अडकवून ओढावी, ती अलगद निघून आली, तर तेथूनच रोज चमचा-चमचा पावसाळा आत येतो आहे असे समजावे. रबर कोमट साबणाच्या पाण्याने पुसले, तरी पुष्कळदा काम होते.

आणि एखाद्या दिवशी वरचा कप्पा दगड आणि खालचा कोमट असे झाले, तर नवीन फ्रीजची जाहिरात पाहण्याआधी मागची पाटी उघडून पाहणाऱ्या माणसाला बोलवावे. आमच्या कोपऱ्यावरचे ते मेकॅनिक आता सत्तरीला आले आहेत. त्यांचा नातू त्यांच्या हाताखाली काम शिकतो. परवा ते दोघे शेजारच्या वहिनींकडे आले होते. नातवाने पाटी उघडताच पेचकस पुढे केला. आजोबांनी तो काढून घेतला, त्याच्या हातात कोमट पाण्याचे भांडे दिले आणि म्हणाले, “घाई करू नकोस. आधी हवा कुठून येते, कुठे जाते, ते बघ.”